गोष्ट खरी, कागद खोटा

जुन्या छापील चित्रांचा नाद असेल तर माझी फजिती वाचाच. मी प्रागमध्ये नोकरीला आहे. डिसेंबरात इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी वितेलियस घरी आणला. रोमन सम्राट, गळ्याला वळ्या, तोरा मात्र जगज्जेत्याचा. दुकानदार म्हणाला, एगिडियस साडेलरचं अस्सल एनग्रेव्हिंग, म्हणजे तांब्याच्या पाटीवर कोरून छापलेलं चित्र, चारशे वर्षांपूर्वीचं. नऊ हजार कोरुना मोजले.

गोष्ट त्याने झकास रंगवली. टिशन या इटालियन चित्रकाराने इटलीतल्या मांतुआच्या राजवाड्यासाठी १५३६ ते १५४० च्या सुमारास अकरा सीझर, म्हणजे रोमन सम्राट, रंगवले. पुढे ती चित्रं इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्याकडे गेली. त्यातला वितेलियस इतका खराब झाला होता, की व्हॅन डाइक या चित्रकाराकडून नवा करून घ्यावा लागला. मग सगळे स्पेनला, आणि १७३४ साली माद्रिदचा अल्काझार राजवाडा जळाला तेव्हा खाक. आता ते कसे होते हे कळतं जुन्या प्रती आणि साडेलरच्या एनग्रेव्हिंग्जवरून. साडेलर सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी होता, १६२९ साली याच शहरात वारला. घरी येऊन मी एकेक गोष्ट ताडून पाहिली. सगळं खरं! तिथेच फसलो. गोष्ट तपासली, कागद तपासलाच नाही.

मार्चमध्ये फ्रेम करायला नेलं. फ्रेमवाल्या आजींनी कागद खिडकीशी धरला आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. गालावरची प्रत्येक रेघ म्हणजे छपाईयंत्राच्या एकसारख्या ठिपक्यांची रांग. त्या काळच्या हातकागदात उजेडाकडे धरल्यावर साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. इथे नुसता गुळगुळीत कागद, चहात बुडवल्यासारखा सगळीकडे सारखाच तपकिरी. मी कडेची, छापताना पाटीच्या दाबाने उठणारी चौकट दाखवली, बोटाला लागत होती ना! आजी हसल्या. काहीही न कोरलेली पाटी दाबली तरी ती चौकट उठते म्हणे.

आणि ठिपके नाहीत म्हणून हुरळूनही जाऊ नका. या सीझरांच्या नकला इतरांनीही तांब्यावर कोरल्या आहेत. कलाकार, साल आणि मूळ की नक्कल, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पाकिटाला हात लावू नका.

मी भांडायला गेलो. दुकानदाराने शांतपणे पावती मागितली आणि तिच्यावरची चेक भाषेतली ओळ वाचून दाखवली : जुन्या धर्तीचं शोभेचं चित्र. तीन महिने ती पावती माझ्याच पाकिटात होती.