दुबईतला 'चिलर फ्री' फ्लॅट आणि माझे साडेसोळा हजार दिरहम

नमस्कार मंडळी. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, लाज वाटते खरं तर, इतका शिकलेला माणूस आणि असा फसला. पण आता परत उन्हाळ्याच्या तोंडावर नवीन पोरं दुबईत उतरतायत, आणि माझं जे झालं ते उन्हाळ्यामुळंच झालं असं माझं ठाम मत आहे.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात आलो. कंपनीनं पंधरा दिवसांचं हॉटेल दिलेलं, तेवढ्यात घर शोधायचं. आता जूनमधली दुबई म्हणजे काय हे आल्याशिवाय कळत नाही, एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, दोन मिनिटं काहीच दिसत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला इथं कायद्यानं बंदी आहे, आणि मी नेमका त्याच वेळेत, लंच टाइममध्ये, घरं बघत फिरायचो. पाच-सहा घरं बघितली की डोकं चालेनासं होतं. कुणीतरी हो म्हणा आणि चावी द्या, मला एसीत झोपू द्या, एवढंच उरतं.

अशात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲड दिसली. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये वन बीएचके, चिलर फ्री, वर्षाला ५४ हजार, म्हणजे आजूबाजूच्या भावापेक्षा बरंच कमी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इथं बऱ्याच वस्त्यांमध्ये एसीसाठी गार पाणी एका मोठ्या प्लँटमधून येतं, त्याला चिलर म्हणतात आणि त्याचं बिल लाईट-पाण्यापासून वेगळं असतं. चिलर फ्री म्हणजे ते बिल मालक भरणार.

फोन लावला तर समोरचा मराठी! मी 'सर सर' करत होतो तर म्हणाला, "अरे भाऊ, सर काय म्हणतोस, आपलाच माणूस आहे मी, दादा म्हण." इथंच मी विरघळलो बघा. परक्या मुलखात पंधरा दिवस मोडकंतोडकं हिंदी-इंग्रजी बोलून जीभ वाळलेली, त्यात हा दादा. म्हणाला आपल्या माणसाकडून कमिशन घेत नाही. मला तो चांगुलपणा वाटला, पण कमिशन घेत नाही म्हणजे हा ब्रोकरच नाही, याच्याकडं ब्रोकरचं कार्डच नाही, हे डोक्यात आलंच नाही. इथं ब्रोकरची नोंदणी असते, दुबई रेस्ट नावाच्या सरकारी ॲपवर त्याचं नाव बघता येतं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही.

आता त्याची खरी चावी बघा. इथं भाडं पुढच्या तारखांच्या चेकनं देतात, चेकबुकसाठी बँक अकाऊंट लागतं, आणि त्यासाठी लागणारा माझा एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, अजून आलाच नव्हता. हे त्याला मी न सांगताच माहीत होतं. म्हणाला, "टेन्शन घेऊ नको, फ्लॅट सध्या माझ्या नावावर आहे, तीन महिन्यांचं भाडं आणि तीन हजार डिपॉझिट कॅश दे, आयडी आला की इजारी तुझ्या नावावर करू." इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी. ती झाली नसेल तर तुमच्या हातातला करार म्हणजे नुसता कागद. मला त्यानं करार दिला होता, दुबई लँड डिपार्टमेंटच्या फॉर्मवर, सही-बिही सगळं. पण तो कोरा फॉर्म कुणालाही डाऊनलोड करता येतो हे मला नंतर पोलीस स्टेशनात कळलं. १६,५०० मोजून दिले, कंपनीनं बस्तान बसवायला दिलेले बहुतेक सगळे.

आणखी एक. सामान आणायचं म्हटल्यावर बोलला, दोनच बॅगा आहेत ना, मग रात्री अकरानंतर ये, परमिट-बिरमिट नको. बऱ्याच बिल्डिंगमध्ये राहायला येताना परमिट लागतं आणि त्यासाठी इजारी मागतात. म्हणून रात्री अकरा! मी आपला ऊन नको म्हणून खूश.

पहिले साडेतीन आठवडे मस्त गेले. ऑफिसातल्या एकानं युक्ती सांगितली होती, उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचाच नळ सोडायचा, कारण टाकी गच्चीवर तापते पण गीझरमधलं पाणी घरात एसीत गार होतं. शिवाय मी एक निळी बादली आणली, रात्री भरून बेडरूममध्ये ठेवायची, सकाळी अंघोळीला छान गार पाणी. मधे एकदा दादा राउटर बघायला आला आणि बाथरूम, किचन सगळ्याचे फोटो काढून गेला, मालकाला पाठवायचेत म्हणाला.

१६ जुलैला रात्री एसीतून कोमट हवा यायला लागली. दादाला फोन, स्विच ऑफ. खाली सिक्युरिटीवाल्याकडं गेलो, त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच कळलं. चिलरचं बिल थकलेलं, कनेक्शन कापलं. या फ्लॅटमध्ये यंदाचा तू तिसरा, म्हणाला. त्या रात्री मध्यरात्रीसुद्धा भिंती हाताला गरम लागत होत्या, गीझरची युक्ती एसीशिवाय काही कामाची नाही, बादलीतलं पाणीपण कोमट. दोन दिवसांनी लाईट-पाणीही गेलं. लाईट-पाणी देणाऱ्या कंपनीला इथं सगळे देवा (DEWA) म्हणतात, योगायोग बघा, इतके दिवस मी खरोखर देवाच्या भरवशावर होतो.

मग मालकाचा माणूस आला. मालकाला माझं अस्तित्वच माहीत नव्हतं. इजारी दादाच्या नावावर, त्याचे चेक बाऊन्स झालेले, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही हे २००७ च्या कायद्यातच आहे. माणूस भला होता, सामान काढायला संध्याकाळपर्यंत वेळ दिला. भाड्याच्या भांडणांसाठी वेगळं केंद्र आहे इथं, वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के फी भरून केस टाकतात, पण माझ्याकडं इजारीच नाही तर काय घेऊन जाणार. पोलिसांत तक्रार दिली आहे. कॅश दिल्याचा पुरावा म्हणजे साध्या पावतीपुस्तकातला एक कागद.

आता अल नहदामध्ये एका कलीगबरोबर राहतो, रीतसर, इजारीत माझं नाव सहरहिवासी म्हणून नोंदवलंय.

परवा त्याच ग्रुपवर परत ॲड आली, नंबर वेगळा. वन बीएचके, चिलर फ्री, मराठी माणसांना प्राधान्य. चौथा फोटो बाथरूमचा होता, आणि कोपऱ्यात माझी निळी बादली.