इओसिन पाण्यातलं की अल्कोहोलमधलं? बेळगाव-खानापूरकडच्या छोट्या लॅबसाठी

खानापूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये बायोप्सीचं काम नव्यानं सुरू होतंय. तिथला टेक्निशियन आमच्याकडेच शिकून गेलेला. परवा फोनवर म्हणाला, "सर, मायक्रोटोम आला, वॉटर बाथ आला. आता इओसिन पाण्यातलं ठेवू की अल्कोहोलमधलं, तेवढं सांगा की." इओसिन म्हणजे मायक्रोटोमनं घेतलेल्या टिश्यूच्या पातळ कापांना गुलाबी करणारा रंग. मी पाऊण तास बोललो. त्यातलं जे इतरांच्याही कामाचं आहे ते इथं लिहितो.

आधी बाटलीचं बघू, कारण मी तिथंच एकदा फसलोय. दोन्ही प्रकारांना पावडर एकच लागते: पाण्यात विरघळणारं इओसिन वाय. लेबलवर सीआय (कलर इंडेक्स, रंगांच्या यादीतला क्रमांक) ४५३८० हा आकडा बघून घ्यायचा. मी अल्कोहोलमधलं करायचं म्हणून पुरवठादाराला 'अल्कोहोल सोल्युबल द्या' असं सांगितलं. आलं ते इथाइल इओसिन, सीआय ४५३८६, म्हणजे रंगच निराळा. काचेच्या दांडीनं ढवळून मनगट दुखायला लागलं, पावडर आपली पाण्यावर तरंगतेय. सांगण्यात चूक माझीच होती. इओसिन बी म्हणूनही एक येतं, सीआय ४५४००, जरा निळसर झाकेचं. रोजच्या एच अँड ई साठी (हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळी, इओसिननं बाकीचं गुलाबी) वायच घ्या. पंचवीस ग्रॅमच्या डबीत एक टक्क्याचं अडीच लिटर होतं, छोट्या लॅबला ते बरेच दिवस पुरतं.

पाण्यातलं करायला सोपं. एक ग्रॅम पावडर, शंभर मिली डिस्टिल्ड वॉटर, बुरशी धरू नये म्हणून थायमॉलचा एखादा खडा. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घालायचं, पण बेतानं: लिटरमागे अर्धा मिली. अल्कोहोलमधल्याला आधी साठा करावा लागतो. एक ग्रॅम इओसिन वीस मिली पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि मग पंच्याण्णव टक्क्यांचं अल्कोहोल ऐंशी मिली. वापरताना एक भाग साठा, तीन भाग ऐंशी टक्के अल्कोहोल, आणि शंभर मिलीला अर्धा मिली ग्लेशियल, तेही ऐन वेळी.

इओसिनचा सगळा खेळ आंबटपणाचा. हा ऋणभाराचा रंग. तो पेशीद्रवातल्या, स्नायूतल्या, कोलॅजनमधल्या प्रथिनांच्या धनभाराला जाऊन चिकटतो, आणि तो धनभार टिकायला द्रावण किंचित आंबट लागतं. पीएच साधारण ४.६ ते ५ मध्ये असला की रंग खुलतो. वर गेला की स्लाइड फिकी. ॲसिड जास्त पडून चारच्या खाली गेला की रंगच आम्लरूपात जाऊन नारिंगी गाळ खाली बसतो. पीएचची पट्टी बुडवून बघायची सोय नाही, पट्टीच गुलाबी होऊन येते. त्यामुळं ॲसिड पिपेटनं मोजून घाला, अंदाजानं थेंब टाकू नका.

आता दोन्हींतला खरा फरक. पाण्यातल्या इओसिनमध्ये स्लाइड पाचेक मिनिटं ठेवायची, नळाखाली धरायची आणि जादा रंग उतरवायचा. चूक झाली तर पुन्हा बुडवता येतं, पुन्हा उतरवता येतं. हात बसेपर्यंत ही सवलत फार मोठी आहे. अल्कोहोलमधलं झटपट चढतं, मिनिटा-दोन मिनिटांत. नंतर पाणी दाखवायचंच नाही, सरळ पंच्याण्णव टक्क्यांच्या जारमध्ये. रंग गडद येतो, वेळ वाचतो, पण चारदोन सेकंदांचा हात चुकला की सगळी स्लाइड एकाच गुलाबीची.

ते एकाच गुलाबीचं प्रकरण नीट समजून घ्या. मी दर सोमवारी अपेंडिक्सच्या एका जुन्या ब्लॉकचा (मेणात बसवलेल्या तुकड्याचा) सेक्शन, म्हणजे पातळ काप, रंगवून बघतो. बाहेरच्या भिंतीचा स्नायू नीट गुलाबी, आतल्या थरातलं कोलॅजन त्याहून फिकं, आणि रक्तवाहिनीतल्या तांबड्या पेशी ठसठशीत लालसर. हे तीन रंग वेगळे दिसले तर इओसिन बरोबर. तिन्ही सारखे दिसले तर जारमध्ये काहीतरी बिघडलंय. आमच्याकडं निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा, तोंडाच्या बायोप्सी येतात. त्यात केराटिनचे गुंडाळलेले गोल मोती बाजूच्या पेशींपेक्षा झगझगीत उठून दिसायला पाहिजेत. सगळंच लालभडक केलं की ते मोती त्यात बुडून जातात आणि रिपोर्ट देणाऱ्या मॅडम स्लाइड परत पाठवतात.

पाण्याचा विषय मात्र इओसिनच्या आधीच सुरू होतो. हिमॅटॉक्सिलिन निळं करायला आपण नळाचं पाणी वापरतो. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, बाहेर मात्र पुष्कळ लॅब बोअरवरच चालतात. ज्या बोअरच्या पाण्यानं भांड्याला पांढरा थर धरतो, ते पाणी निळं छान करतं. पण स्लाइडबरोबर तेच क्षार इओसिनच्या जारमध्ये जातात. दहा रॅक झाले की आंबटपणा मरतो आणि स्लाइड पांढरट यायला लागते. मग लोक वेळ वाढवतात, पावडर वाढवतात. तसं करू नका. निळं केल्यावर डिस्टिल्डमध्ये दोन बुडक्या द्या आणि मग इओसिनला न्या. अल्कोहोलमधल्या इओसिनला त्यापुढं अल्कोहोलची एक बुडकी द्यावी लागते, त्यामुळं क्षार आणखी कमी जातात. या एका बाबतीत ते सरस.

पावसाळ्यात हिशेब पुन्हा बदलतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जुलैत उशीसुद्धा ओली लागते. शेवटच्या ॲबसोल्यूट, म्हणजे बिनपाण्याच्या अल्कोहोलच्या जारचं झाकण उघडं राहिलं की ते हवेतली ओल ओढतं. मग सेक्शनमधलं पाणी पुरतं निघत नाही, त्यापुढचं झायलीन (स्लाइड पारदर्शक करणारं द्रव) दुधाळ होतं आणि स्लाइड धुरकट. पाण्यातलं इओसिन वापरत असाल तर पावसाळ्यात शेवटचे दोन ॲबसोल्यूट लवकर बदला. शिवाय बुरशी. एका श्रावणात आमच्या इओसिनच्या जारवर तलम पांढरी साय आली होती, माझ्या लक्षात आली नाही. रॅक तसाच बुडवला. डॉक्टरांना स्लाइडवर तंतू दिसले, फांद्या फुटलेले, अगदी बुरशीच्या संसर्गासारखे. पेशंटच्या रिपोर्टमध्ये फंगस लिहिला जाणार होता. फोकस वर-खाली केल्यावर कळलं की तंतू टिश्यूत नाहीत, वर पडलेत. तेव्हापासून थायमॉल आणि दर सोमवारी गाळणी, दोन्ही चुकत नाही. अल्कोहोलमधल्या जारात ही भानगड नाही. त्याचं दुखणं उन्हाळ्यात: अथणी-रायबागकडच्या एप्रिलमध्ये झाकण सैल राहिलं तर अल्कोहोल उडतं आणि रंग दाट होत जातो.

आणि अल्कोहोल मिळवायचं कुठून? इथाइल अल्कोहोलला अबकारी परवाना लागतो, साठ्याची नोंद ठेवावी लागते. गोव्याहून चोर्ला घाटातून येणाऱ्या दारूच्या बाटल्या वेगळ्या, त्या लॅबच्या उपयोगाच्या नाहीत. म्हणून छोट्या लॅब आयसोप्रोपिल वापरतात. त्यानं काम होतं, पण माझ्या अनुभवात ते इओसिन तितक्या लवकर ओढून घेत नाही, रंग उतरवायला वेळ लागतो. आयसोप्रोपिलवरच चालणार असाल तर पाण्यातलं इओसिन ठेवून सगळी उतरवाउतरवी नळाखालीच उरकलेली बरी.

फ्लॉक्सिन (आणखी एक लाल रंग) घातलेलं इओसिनही मिळतं. लाल झगझगीत येतो, काही डॉक्टरांना आवडतो. मला तो लग्नातल्या बँडच्या डगल्यासारखा वाटतो. रिपोर्टिंग करणाऱ्यांनी मागितलं तरच आणा. तयार बाटली की घरचं, याचंही फार मनाला लावून घेऊ नका. तयार बाटली घेतलीत तर उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, एवढंच.

जाता जाता: १८७० च्या दशकात जर्मनीत हाइनरिख कारो या रसायनतज्ज्ञानं हा रंग काढला, नाव पहाटेच्या ग्रीक देवीवरून, ईओस. सिंकमध्ये धुवण खूप पातळ होतं तेव्हा खिडकीच्या उन्हात त्यात हिरवट झाक चमकते, नवीन मुलं दरवेळी थांबून बघतात. पण उन्हाशी त्याचं वैर आहे. लाल शाईतही हाच रंग वापरत, ती शाई जशी उन्हात उडते तशी स्लाइडही. ट्रे खिडकीत ठेवू नका.

खानापूरच्या मुलाला मी पाण्यातलंच सांगितलं. दिवसाला दहा-पंधरा ब्लॉक, हातानं रंगवणं, आयसोप्रोपिल आणि हात अजून कच्चा: हे सगळं त्याच बाजूला झुकतं. रोजच्या शंभर स्लाइड असत्या, मशीन असतं, इथेनॉलचा परवाना असता, तर अल्कोहोलमधलं सांगितलं असतं. दोन्ही ठेवणाऱ्यांनी मात्र जारवर नीट लिहावं. दोन्ही गुलाबीच दिसतात. आमच्याकडं मी मराठीत 'पाणी' लिहिलं होतं, मदतनीस पोरगं बैलहोंगलचं, त्यानं खाली कन्नडमध्ये 'नीरु' लिहिलं. तेव्हापासून जारची अदलाबदल झालेली नाही.