बिभाचा तारा दाखवणारा १० × ५० बायनॉक्युलर

साडेसात हजारांच्या बायनॉक्युलरसाठी माझी परीक्षा एकच: वांगणीच्या अंधारात एचडी ८६०८१ हा तारा दिसला पाहिजे. मी घेतलेला दाखवतो. तो घ्यावा असं मी नक्की सांगेन, पण दुकानात तपासून घ्यावा असंही.

हाच तारा का, ते आधी. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, देशोदेशींच्या लोकांना एकेका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायला दिलं होतं. भारताच्या वाट्याला हा आला आणि त्याचं नाव झालं बिभा, म्हणजे आपल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी. तारा सुमारे ३४० प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचा ग्रह दोन दिवसांहून जरा जास्त वेळात त्याच्याभोवती फेरी पूर्ण करतो. तो अर्थातच आपल्याला दिसणार नाही.

चौधुरीबाईंचं नाव मी शिकत असताना एकाही पुस्तकात नव्हतं, आणि पुढे कॉलेजात ज्या पुस्तकांतून मी भौतिकशास्त्र शिकवलं त्यांतही नव्हतं. कलकत्ता विद्यापीठातून त्या १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या, वर्गात एकट्या मुलगी. मग भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर वैश्विक किरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर काम. फोटोच्या काचा दार्जिलिंगला आणि त्याहून वर संदकफूला, १२ हजार फुटांच्या आसपास, महिनोनमहिने ठेवून द्यायच्या. कण काचेवरच्या लेपातून जाताना ठिपक्यांची रेघ सोडतो. ती रेघ किती वाकली, ठिपके किती दाट पडले, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून कणाचं वस्तुमान काढायचं. ते इलेक्ट्रॉनच्या दोनशेपटीच्या आसपास आलं. १९४१ आणि १९४२ मध्ये ‘नेचर’मध्ये हे काम छापून आलं.

आणि तिथेच अडलं. त्यांच्याकडे होत्या त्या हाफटोन काचा. जास्त संवेदनशील फुलटोन काचा युद्धाच्या दिवसांत हिंदुस्थानात मिळेनात. १९४७ मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारलेल्या काचांवर, याच मार्गाने, पायॉन नावाचा कण शोधला. १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. बोस-चौधुरींनी ही पद्धत आधी वापरल्याची दखल त्यांनी स्वतःच्या लेखनात घेतली, हे बरं केलं. पण मला ते काचांचं अजून लागतं. बुद्धी होती, चिकाटी होती, डोंगरही होते. माल मिळाला नाही.

पुढे त्या मँचेस्टर विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे गेल्या आणि १९४९ मध्ये मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक म्हणून. संस्था तेव्हा कुलाब्याच्या टोकाला गेली नव्हती, गेटवेसमोरच्या जुन्या यॉट क्लबात होती. १९५७ पर्यंत त्या इथे होत्या. नंतर अहमदाबाद, कोलारच्या सोन्याच्या खाणीतले प्रयोग, शेवटी परत कलकत्ता. १९९१ मध्ये गेल्या. गेटवेला फिरायला जाणाऱ्या मुंबईकरांना ही गोष्ट ठाऊक असावी असं मला फार वाटतं.

तर आता बायनॉक्युलरची काच. आतले प्रिझम बीके-७ काचेचे की बीएके-४ चे, हे खोक्यावर लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका पाहा. पूर्ण गोल असेल तर बीएके-४. कडा करड्या आणि चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर बाजूला ठेवा. १० × ५० म्हणजे दहापट मोठं दाखवणारा, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची; म्हणून या ठिपक्याचा व्यास पन्नास भागिले दहा, म्हणजे ५ मिलिमीटर. साठीनंतर डोळ्याची बाहुली अंधारातही साधारण तेवढीच उघडते, म्हणून माझ्या वयाच्या माणसाने ७ × ५० वर (त्याचा ठिपका ७ मिलिमीटरचा) जास्त पैसे घालू नयेत.

दुसरं, दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघतात ना? फोर्टातल्या ज्या दुकानातून घेतला तिथे पहिल्या नगात समोरच्या इमारतीचा अँटेना दोन-दोन दिसत होता. मालकांनी कुरकुर न करता दुसरा काढून दिला. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडल्याबरोबर हे बघा, परत करायची मुदत उलटायच्या आत.

बायनॉक्युलरच्या अंगावर दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा पट्टा, ६.५ अंश छापलंय. मी ते मृगाच्या पट्ट्यातल्या पश्चिमेकडच्या ताऱ्यावर तपासलं. तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर असल्याने चार मिनिटांत एक अंश सरकतो. ट्रायपॉडवर लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला त्याला २५ मिनिटं लागली, म्हणजे सव्वासहा अंश. या किमतीत एवढा फरक चालेल. कडेचे तारे मात्र चांगलेच पसरट दिसतात आणि मधलं चाक थंडीत घट्ट फिरतं. वजन किलोच्या आसपास, हात थरथरतातच. ट्रायपॉडला जोडायची एल आकाराची पट्टी वेगळी घ्यावी लागते. तिच्याशिवाय बिभा विसरा.

मुलुंडच्या गच्चीवरून तो दिसत नाही. तेजाची प्रत ८.७ आहे (आकडा मोठा तेवढा तारा फिका) आणि आमच्या आकाशात एवढा उजेड की त्याच्याहून ठळक तारेही बुडतात. कर्जत लोकलने वांगणी गाठायची. मुंबईचे आकाशवेडे वर्षानुवर्षं तिथे जातात. मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, अमावस्येच्या आगेमागे, रात्री नऊच्या सुमारास तो डोक्याजवळ, दक्षिणेकडे असतो. मघेवरून दक्षिणेला सोळा अंश उतरा, किंवा वासुकीतल्या लालसर अल्फार्डवरून ईशान्येला नऊएक अंश जा. तो ज्यात आहे तो षडंश तारकासमूह इतका फिका की नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नाही असं वाटेल. फोनवर स्टेलेरियम या ॲपचा आकाशनकाशा लाल उजेडात ठेवा, आजूबाजूच्या ताऱ्यांचे त्रिकोण जुळवा. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवली की तो बारीक ठिपका स्थिर होतो.

मी त्या रात्री बराच वेळ डोळा काढला नाही. माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, ती आता विद्यापीठात शिकवते, तिथूनच फोन केला आणि कुठे बघायचं ते सांगितलं.

एक मुंबईपुरतं. जूनच्या आधी बायनॉक्युलर घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, सोबत निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. दाणे गुलाबी झाले की काढून कढईत मंद आचेवर तापवा, पुन्हा निळे होतात. कपाटात नुसत्या पिशवीत ठेवलात तर पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, आणि ती साफ करायचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर जातो.