कॅरव्हॅन मागे ओढायची तर उंच की बसकी? डिझेलचा हिशोब

एसयूव्हीच्या मागे लावायची कॅरव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, बघायला गेलं की आपण आधी वजन विचारतो. मीही तेच विचारत होतो. मग एका रविवारी वही घेऊन बसलो.

एक टन जादा वजन खोपोलीहून लोणावळ्याला न्यायचं, म्हणजे साधारण ५५० मीटर वर चढवायचं. डिझेलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा इंजिन कामी लावतं असं धरलं, तर या चढणीला जेमतेम अर्धा लिटर जादा लागतं. तेच वजन घेऊन घोडबंदर रोडवर नव्वदेक वेळा थांबून पुन्हा ४० चा वेग घेतलात, तरी तेवढंच जळतं. संध्याकाळी गायमुखकडे जाणाऱ्यांना हा आकडा अशक्य वाटणार नाही.

खरं डिझेल पिते ती हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात, तर तो ५६ टक्क्यांनी चढतो. आणि इथेच दोन कॅरव्हॅनमधला फरक उघडा पडतो. उंच, पक्क्या भिंतींची कॅरव्हॅन गाडीच्या टपाच्याही वर जाते, म्हणजे वारा झेलणारी एक सपाट भिंतच आपण पनवेलपासून ओढत नेतो. घडीची, कापडी भिंतींची, छत खाली बसणारी कॅरव्हॅन गाडीच्या आडोशाला लपते. दोघींचं वजन सारखं असलं तरी हायवेवर ॲव्हरेज सारखं राहत नाही.

मग बसकीच घ्यावी? दिवाळी ते मे फिरणार असाल, तर हो. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये मावण्याची आशाही तिचीच. पण गणपतीत कोकणात जायचं असेल, तर ओलं कापड घडी करून घरी आणायचं आणि आठवडाभर कुबट वास सोसायचा, ही तयारी हवी. उंच कॅरव्हॅनमध्ये सरळ उभं राहून चहा करता येतो, आई-बाबा सोबत असतील तर संडास आतच असतो. त्या सोयीपुढे मी डिझेलचा हट्ट धरणार नाही. फक्त एक्सप्रेसवेवर १०० ची परवानगी दिसली तरी ८० च्या वर जायचं नाही. गाडीच्या टपावर बसवायच्या, वारा वर वळवणाऱ्या पट्टीने थोडाफार फायदा होतो, पण गाडी आणि कॅरव्हॅनमधलं अंतर जमलं तरच. पैसे घालायच्या आधी पाय हलका ठेवून बघा, तो फुकट आहे.

तिसरा पर्याय म्हणजे ट्रेलरच नको, टपावर मोठी सामानपेटी. तीही फुकट पडत नाही. अमेरिकी सरकारच्या आकड्यांनुसार ताशी १०५ ते १२० च्या वेगात मोठी पेटी ॲव्हरेज १० ते २५ टक्के खाते, मागे लावलेली पेटी हायवेवर १ ते ५ टक्केच. म्हणून सामान नेणं एवढंच काम असेल, तर ते मागे लावा, आणि रिकामा कॅरियर वर्षभर टपावर मिरवू नका.

बाकी किरकोळ: प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यातली हवा तपासा. पाण्याची टाकी मुक्कामी पोचल्यावर भरा, ६० लिटर म्हणजे ६० किलो. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच आहे. तेव्हा बयाणा देण्याआधी एक चक्कर आरटीओत मारा.