एनव्हीडीए: काही न गाळता वाचणारा

चारेक वर्षं रोज वापरतोय, तर आता लिहायला हरकत नाही. एनव्हीडीए हा विंडोजचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आणि ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने सुरू केला, तो स्वतः अंध आहे आणि ते वापरताना जाणवतंच.

पहिल्या दिवशी आवाज ऐकून वैतागलो होतो, डब्यात तोंड घालून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. मराठी वाचतो पण तोही तसाच. दोन-तीन आठवड्यांत कान बसला, मग स्पीड वाढवत गेलो, आता बाजूला बसलेल्याला एक अक्षर कळत नाही आणि मला तेच हवंय!

एच दाबलं की हेडिंगवरून हेडिंगवर उडी, के दाबलं की लिंकवर, त्यामुळे अख्खं पान ऐकत बसावं लागत नाही. टेबलमध्ये कंट्रोल-ऑल्ट धरून बाण दाबत फिरलं की कॉलमचं नाव पण सांगतो, म्हणजे कुठला आकडा जमा आणि कुठला खर्च याचा गोंधळ होत नाही. पोर्टेबल कॉपी पेनड्राइव्हवर ठेवता येते, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावली की झालं (फक्त लॉगिन करेपर्यंत ती बोलत नाही, तेवढं कुणाला तरी सांगावं लागतं).

अडतं कुठे, तर साईट बनवणाऱ्यांनी बटणांना नावंच दिलेली नसतात तिथे. एका फॉर्मवर नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू आलं, अंदाजाने तिसरं दाबलं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. यात एनव्हीडीए काय करणार, जे लिहिलंय तेच वाचणार ना.

आणि खरं सांगू का, मला आवडतं ते हेच. आधी ताई वाचून दाखवायची, प्रेमाने वाचायची, पण मध्येच थांबली की मला कळायचं इथे काहीतरी गाळलं. विचारलं की "काही नाही रे, नेहमीचंच". मागच्या महिन्यात माझा तपासणीचा रिपोर्ट मेलवर आला, तो पहिल्यांदा मी एकट्याने ऐकला. शेवटून दुसरी ओळ चांगली नव्हती. एनव्हीडीएने ती फोल्डरचं नाव वाचावं तशी वाचली. मी वरचा बाण दाबून परत ऐकली, मग ताईला फोन लावला.