आरटीएक्स ५०८०: साधं घ्यावं की ‘ओसी’?

भाच्याचा फोन आला तेव्हा तो आरटीएक्स ५०८० हे एनव्हिडियाच्या चिपचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला नागपूरच्या सीताबर्डीवरच्या दुकानातच उभा होता. “मामा, दोन डबे समोर आहेत. एक साधं, एक ओसी. दुकानदार म्हणतोय ओसीच न्या, कंपनीतूनच वेग वाढवून आलंय. घेऊ?” ओसी म्हणजे ओव्हरक्लॉक. मी म्हटलं, आधी घरी जा आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट मोज. पोरगं चिडलं. पण दोन्ही कार्डांतला फरक बराचसा त्या मापातच दडलेला आहे, म्हणून हा सगळा प्रपंच.

समोरचे डबे दोन्ही असूस कंपनीचे होते: साधं ते प्राइम आणि ओसी ते टफ गेमिंग. आत चिप एकच, १०,७५२ कोअर्सची. दोन्हींत १६ जीबी जीडीडीआर७ मेमरी आणि तिचा वेगही तोच, सेकंदाला ९६० जीबी. मेमरीला कारखान्यात कोणी हात लावलेला नाही. बदललंय ते बूस्ट क्लॉक, म्हणजे जोर लावताना चिपचा छापील वेग: प्राइमचं २६१७ मेगाहर्ट्झ, टफचं २७००. असूसच्या सॉफ्टवेअरमध्ये ओसी मोड लावला तर २७३०. म्हणजे डब्यातून काढल्या काढल्या फरक ८३ मेगाहर्ट्झचा, जेमतेम तीन टक्के. साध्या कार्डावर एखादा गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालत असेल, तर ओसीवर फार तर ६२. हे दोन फ्रेम डोळ्यांना दिसले असं कोणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही.

आणि तेही पूर्ण पदरात पडतीलच असं नाही. बूस्टचा छापील आकडा म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं तापमान, वीज आणि व्होल्टेज बघून आपला क्लॉक क्षणाक्षणाला ठरवतात. गार असेल तर साधं कार्डही छापील आकड्याच्या वर पळतं, आणि तापलं तर महागडं कार्डही पायरी-पायरीने खाली येतं.

‘ओसी’ या दोन अक्षरांचा दबदबा जुन्या पुण्याईवर टिकून आहे. २०१५ च्या जीटीएक्स ९८० टीआयचा मूळ बूस्ट १०७५ मेगाहर्ट्झ होता, आणि त्याच चिपची काही ओसी कार्डं १३०० च्या पुढचा आकडा घेऊन यायची. तेव्हा जास्तीच्या पैशांत खरंच वेग मिळायचा. ५०८० मध्येही वाव आहे बरं का! बऱ्याच परीक्षकांनी हाताने ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चढवून दाखवलेत. गंमत अशी की कारखाना त्यातले ८३ देतो. उरलेले आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सरकवून स्वतः मिळवायचे, आणि ते प्राइमवरही मिळतात. मग चिपसाठी जास्त पैसे का मोजायचे?

एक आडवळण घेतो. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेच्या काही कार्डांत आरओपी (चित्राचे पिक्सेल पूर्ण करणारे चिपमधले घटक) कमी भरल्याचं उघडकीला आलं, सुरुवातीची थोडी ५०८० त्यात होती. त्याने कामगिरी सरासरी चार टक्क्यांनी घटते, असं एनव्हिडियाचंच म्हणणं. म्हणजे जो दोष निघाल्यावर कार्ड बदलून मागायचं, त्याच मापाची गोष्ट ‘जास्त’ म्हणून दुकानात विकली जाते. कार्ड कुठलंही घ्या, कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून ५०८० ला आरओपी ११२ दिसतात ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

मग टफ महाग का? धातूमुळे. प्राइम ३०४ मिलिमीटर लांब आणि ५० जाड, टफ ३४८ लांब आणि ७२ जाड. दोघांनाही तीन-तीन पंखे आहेत, पण टफचा हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग, बराच मोठा. तेवढीच उष्णता काढायला त्याचे पंखे संथ फिरले तरी भागतं. तुम्ही खरे पैसे मोजता ते या शांततेसाठी. टफच्या कडेला एक छोटी कळ असते, परफॉर्मन्स आणि क्वायट अशी. मी तर म्हणेन, टफ घेतलं की ती पहिल्याच दिवशी क्वायटकडे सरकवावी. प्राइमलाही तशी कळ आहे, पण बारक्या हीटसिंकला गप्प बसवलं की तो तापतो. कार्डातल्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) ची-ची मात्र नशिबाचा भाग आहे, महाग कार्डातही निघू शकते.

आपल्याकडे हा मुद्दा परदेशी परीक्षणांत दिसतो त्याहून जड आहे. ती चाचणी होते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि आत कूलर लावूनही तिशीच्या वर. खोली दहा अंशांनी गरम, तर त्याच पंख्यांवर कार्डही साधारण दहा अंशांनी गरम. बंद खोलीत रात्रभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडर लावणार असाल तर टफचा जाड हीटसिंक वसूल होतो. संध्याकाळी दोन तास गेम खेळणाऱ्याला त्याचं फारसं कौतुक नाही. त्याने प्राइमची पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढायची मर्यादा, आफ्टरबर्नरमधून ८५ टक्क्यांवर आणावी. फ्रेम फारशा पडत नाहीत आणि पंखे बरेच निवतात. (वाळ्याच्या कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, एवढं मात्र ऐका.)

५०८० ची भारतातली सुरुवातीची किंमत १,०७,००० रुपये जाहीर झाली होती, तिच्या खालच्या ५०७० टीआय कार्डाची ८०,०००. दुकानातले आकडे रोज हलतात, त्यामुळे मी फरक बघतो. ओसीला पाच-सहा हजार जास्त असतील आणि जागा असेल, तर घ्या. दहाच्या पुढे गेलं की मी हात आखडतो. आणि ५०७० टीआयचं भारीतलं ओसी कार्ड साध्या ५०८० च्या किमतीला टेकत असेल, तर विचारसुद्धा करू नका. तिथे ८,९६० कोअर्स आहेत. ती तूट क्लॉक वाढवून भरून निघत नाही.

विजेचं थोडक्यात. मूळ ५०८० ला ३६० वॉट लागतात आणि एनव्हिडिया ८५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच झेपवतो. गेम चालू असताना दिवे गेले तर यूपीएस ओरडेल आणि झोपेल. सोळा पिनांची केबल टक्क आवाज येईपर्यंत आत दाबा. ४०९० च्या वेळी अर्धवट बसलेल्या कनेक्टरांनी काय केलं, त्याचे वितळलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

आता भाच्याचं कॅबिनेट. पत्रकावर लिहिलेलं, कार्डाला जागा ३६० मिलिमीटर. टफ ३४८, म्हणजे बसायला हवं. पण याने पुढच्या बाजूला प्रोसेसरचा रेडिएटर लावलेला: २७ चा रेडिएटर, २५ चे पंखे. शिंप्याच्या टेपने मोजून त्याने फोटो पाठवला. उरले ३०८. टफ तिथेच बाद झालं. प्राइम चार मिलिमीटर राखून आत गेलं, तेही तिरकं धरून, रेडिएटरच्या नळ्या वर उचलून. वाचलेल्या पैशांत त्याने मोठा यूपीएस आणला. ओसी राहून गेलं म्हणून दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आफ्टरबर्नरचा स्क्रीनशॉट आला: प्राइमच, क्लॉक २९०० च्या वर.