वस्तीसाठी निधी आला: कॅमेरे लावायचे, दिवे लावायचे की ओसाड प्लॉट साफ करायचे?

चोऱ्या वाढल्या, मोबाइल हिसकावले जाऊ लागले की वस्तीच्या सभेत पहिली मागणी येते ती कॅमेऱ्यांची. पालिकेलाही ती सोयीची वाटते. कॅमेरे मोजता येतात, त्यांचे फोटो काढता येतात, फीतही कापता येते. तेवढ्याच पैशात रस्ते उजळले असते किंवा वर्षानुवर्षं कचरा साचलेले प्लॉट साफ झाले असते, हा हिशेब मात्र सभेत सहसा कुणी मांडत नाही. ज्यांच्या मतावर हा निधी खर्च होणार आहे, त्यांच्यासाठी तो इथे मांडतो.

गुन्हे खरंच किती घटतात?

सीसीटीव्हीवर जगभर भरपूर अभ्यास झाले आहेत. 40 वर्षांतल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे लागलेल्या भागांत, तशाच पण कॅमेरे नसलेल्या भागांच्या तुलनेत, गुन्हे साधारण 13 टक्क्यांनी कमी आढळले. सगळ्यात ठळक फरक पार्किंगच्या जागांमध्ये दिसला. गाड्यांशी संबंधित गुन्हे, मालमत्तेचे गुन्हे आणि अमली पदार्थांचे व्यवहार यांवर परिणाम झाला; मारामारी आणि हिंसक गुन्ह्यांवर मात्र दखल घ्यावी असा परिणाम आढळला नाही. रागाच्या भरात किंवा नशेत हात उचलणारा माणूस खांबावर काय लावलंय ते बघत नाही. त्यामुळे वस्तीचं मुख्य दुखणं चाकूहल्ले आणि हाणामाऱ्या असतील, तर निव्वळ कॅमेऱ्यांचा प्रस्ताव तिथेच थांबवायला हरकत नाही.

आता दिवे. पथदिवे सुधारल्यावर काय झालं, याच्या 2008 च्या आढाव्यात गुन्ह्यांत सुमारे 21 टक्के घट दिसली. गंमत म्हणजे काही ठिकाणी दिवसाचे गुन्हेही घटले. याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की आपल्या भागाकडे कुणीतरी लक्ष देतंय असं दिसलं की लोक बाहेर वावरू लागतात आणि एकमेकांवर नजर राहते. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली सार्वजनिक गृहवसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक निवड करून प्रखर दिव्यांचे तात्पुरते टॉवर उभे केले होते. तिथे रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले.

तिसरा पर्याय कुणाच्या फारसा ध्यानात येत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 541 ओसाड प्लॉट प्रयोगासाठी घेतले. त्यांतल्या काहींवरचा कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि गवत नियमित कापत राहिले. बाकीचे तुलनेसाठी होते तसेच ठेवले. 2018 मध्ये निष्कर्ष आले: सगळ्यात गरीब भागांत साफ केलेल्या प्लॉटांच्या आसपास बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी घटली होती. कॅमेऱ्यांना जे जमलं नव्हतं, ते इथे घडलं.

हे आकडे एकाच फूटपट्टीने मोजलेले नाहीत. शहरं वेगळी, गुन्हे वेगळे, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. तेव्हा 36 हे 13 पेक्षा मोठे म्हणून दिवेच लावा, असं मी म्हणणार नाही. पण कॅमेरे नाहीत म्हणजे वस्तीसाठी काहीच केलं नाही, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

कॅमेऱ्याची खरी ताकद

ती तपासात आहे. ब्रिटनच्या रेल्वे पोलिसांकडच्या अडीच लाख गुन्ह्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 45 टक्के प्रकरणांत फुटेज उपलब्ध होतं आणि 29 टक्के प्रकरणांत ते उपयोगी ठरलं. हे काही थोडं नाही. फक्त रेल्वे स्थानकात जागोजागी कॅमेरे असतात आणि ये-जा ठरावीक वाटांनीच होते, तर वस्तीला दहा तोंडं असतात, हे ध्यानात ठेवायला हवं.

शिवाय चित्रात माणूस दिसणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं. अनोळखी व्यक्तीची ओळख पटवायची तर कॅमेऱ्यांच्या प्रचलित मानकानुसार दृश्याच्या एक मीटर रुंदीला 250 पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके, लागतात. फुल एचडी चित्राची रुंदी 1920 पिक्सेल असते. म्हणजे चेहरा ओळखू येईल अशी पट्टी जेमतेम साडेसात मीटर रुंद. 'एका कॅमेऱ्यात अख्खा चौक' असं विक्रेता सांगतो तेव्हा चौक दिसेल, पण चेहरे दिसतीलच असं नाही. त्यापेक्षा वस्तीच्या तोंडाशी, जिथून सगळ्यांना जावंच लागतं, तिथे नेम धरून लावलेले चार कॅमेरे पसरून लावलेल्या वीसांना भारी पडतात.

पैसा कुठल्या खात्यातला?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अनुदान बहुतेक वेळा भांडवली, म्हणजे एकदाच होणाऱ्या उभारणीच्या खर्चासाठी असतं. खांब, केबल, रेकॉर्डर यांचा खर्च त्यातून निघतो. पुढची वीज, इंटरनेट, काचा पुसणं, बिघाड दुरुस्ती, साठवण आणि माणसं यांचा भार पालिकेच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर पडतो. सेकंदाला 4 मेगाबिटच्या वेगाने रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी जागा खातो, म्हणजे 30 दिवसांचं फुटेज ठेवायचं तर जवळजवळ 1.3 टेराबाइट. हे एकाचं झालं. दिव्यांनाही वीज आणि देखभाल लागते, गवतही कुणीतरी कापावं लागतं. पण दिवा बंद पडला की त्याच रात्री सगळ्या गल्लीला कळतं. कॅमेरा बंद पडल्याचं गुन्हा घडून फुटेज मागितल्यावर कळतं.

पडद्यावर थेट नजर ठेवायची की नुसतं रेकॉर्ड करायचं, हाही पैशाचाच प्रश्न आहे. 2019 च्या त्याच आढाव्यात सक्रिय देखरेख असलेल्या आणि इतर उपायांच्या जोडीने चालवलेल्या यंत्रणा जास्त परिणामकारक ठरल्या. पण एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला, सुट्ट्या आणि आजारपण धरून, निदान पाच माणसं लागतात. तेवढी तरतूद नसेल तर हलवता येणारे मोजके कॅमेरे घ्यावेत, त्रासाची जागा बदलली की तेही हलवावेत. माझं मत विचाराल तर लहान पालिकेने कायमच्या जाळ्याच्या भानगडीत पडूच नये.

लोकांचा विश्वास

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या मुस्लीमबहुल भागांत 2010 मध्ये दोनशेहून अधिक कॅमेरे उभे राहिले. रहिवाशांना सांगितलं होतं की हे गुन्हे रोखण्यासाठी आहेत. नंतर कळलं की पैसा दहशतवादविरोधी निधीतला होता. कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी सगळं उतरवावं लागलं. पैसा तर गेलाच, पोलिसांवरचा विश्वासही गेला. गरीब वस्तीत 'आमच्यासाठी' आणि 'आमच्यावर' यांतलं अंतर फार थोडं असतं. दिव्यांबाबत हा वाद उद्भवत नाही. फार तर खिडकीत उजेड येतो म्हणून कुणी कुरकुरेल. कॅमेरे घ्यायचेच असतील तर फुटेज किती दिवस ठेवणार, कोण पाहणार आणि तक्रार कुणाकडे करायची, हे खांब रोवण्याआधी लेखी हवं.

मग निवडायचं कसं?

पोलिसांकडून गेल्या वर्षभरातल्या घटनांची यादी मागवा: ठिकाण, वेळ, प्रकार. नावं नकोत. नकाशावर ठिपके काढा. बहुतेक ठिपके रात्रीच्या, अंधाऱ्या वाटांवर पडले तर निधी दिव्यांना द्या. ओसाड इमारती आणि प्लॉटांभोवती घोळका दिसला तर साफसफाई आणि तिच्या देखभालीला. पार्किंग किंवा एखाद्या ठरावीक तोंडाशी वारंवार चोऱ्या होत असतील तर तिथे कॅमेरे शोभतात, आणि त्यांच्यासोबत तीन वर्षांच्या देखभालीची तरतूदही त्याच ठरावात मागा.

यादीत घरातली मारहाण आणि फोनवरून होणारी फसवणूक जास्त निघाली, तर या तिन्ही पर्यायांचा तिथे उपयोग नाही. त्यासाठी वेगळ्या शीर्षाखाली वेगळा निधी मागावा लागेल.